चीनवाल्यांचा खिजर

बाणकोटच्या खाडीकाठच्या त्या गावात तांडेलांची तीन घरं. एक वरचे तांडेल, एक मशिदीपाशचे, आणि तिसरे चीनवाले. खिजर या तिसऱ्या घरातला. या घरातून आजवर एकच माणूस चीनला गेला, खिजरचा परदादा कमरुद्दीन, आणि तोही शंभर वर्षांपूर्वी. पण असा गेला की घराला नाव चिकटलं ते चिकटलंच.

ती गोष्ट खिजरच्याच तोंडून ऐकावी. बहरीनला येऊन त्याला पंचवीसेक वर्षं झाली. नईम मोहल्ल्यातल्या त्याच्या दोन खोल्यांत जो कुणी पहिल्यांदा जेवायला आला, तो ती ऐकल्याशिवाय उठलेला नाही. ताटं उचलली की खिजर बाह्या सारायचा, त्याची बायको मसूदा हळूच चहाच्या निमित्ताने आत जायची, आणि बोट सुटायची. परदादा आगवाला, म्हणजे बोटीच्या पोटात बॉयलरला कोळसा घालणारा. बोट गोऱ्यांची, उभी कुठे, तर चीनच्या नदीत, कँटन बंदरात. एके सकाळी बोटीवरचे झाडून सगळे चिनी, आचारी, धोबी, कोळसेवाले, एकामागून एक शिडीवरून खाली उतरायला लागले. इथे खिजर दोन बोटं टेबलावरून चालवून दाखवायचा. कप्तानाचा चेहरा पिठासारखा. तो जन्मात पहिल्यांदा बॉयलरपाशी उतरला आणि त्याने विचारलं, बोट चलेगा? मागे गावची पोरं उभी होती, अंगावर कोळसा, डोळे तेवढे पांढरे. परदादाने मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

"चलेगा, साहेब," म्हणायचा खिजर, आणि टेबलावर थाप मारायचा.

बोट चालली. परदादा आगवाल्याचा सारंग झाला, खलाशांचा म्होरक्या. पुढे अर्ध्या गावाला त्याने बोटीवर लावलं. चिनी लोक का उतरले, ते गोष्टीत नव्हतं. कुणी विचारलंच तर खिजर म्हणायचा, अफू खाऊन पडले असतील, त्यांना काय.

सारंगाची ती रीत खिजरनेही चालवली होती. सित्रा बेटावर बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटी, दुरुस्त करायचा एक यार्ड आहे, तिथे तो फिटर म्हणून लागला आणि फोरमन झाला. मग गावातून एकेक करत सात जण त्याने आणले. या रीतीला लिहिलेले नियम नाहीत, पण खाडीकाठी सगळ्यांना पाठ आहेत. ज्याने आणलं त्याच्या शब्दावर माणूस उठतो, त्याच्या शब्दावर बसतो. साहेबांशी बोलायचं ते त्यानेच. बदल्यात पोराला ताप आला तर तापही त्याचाच. सातांतला अझहर वेल्डर, तिशीचा, मितभाषी. त्याची आई मुंबई विमानतळाच्या दाराशी खिजरला म्हणाली होती, हा तुझ्या पदरात टाकला. खिजरने पदर नसताना तो पसरला होता.

सप्टेंबर चालू होता, हवा ओल्या गोणपाटासारखी अंगाला चिकटलेली. यार्डात एक तेलाची बार्ज आली होती. तिच्या तळाच्या टाकीत उतरून गाळ काढायचा, मग वेल्डिंग. अशा टाकीत आधी मोठ्या पंख्याने ताजी हवा सोडतात, आतला वायू तपासतात आणि मगच माणूस उतरवतात. यार्डचा पंखा बिघडलेला होता. नवा दुबईहून येतोय, असं महिनाभर चाललं होतं. बार्जच्या मालकाला घाई होती. शफीकुल नावाचा बांगलादेशी कामगार कमरेला दोर बांधून उतरला आणि पाचव्या-सहाव्या बादलीला दोर ढिला पडला. वर दोर धरून अझहर होता. त्याने आणि आणखी दोघांनी शफीकुलला ओढून काढलं. दोन दिवसांनी तो हॉस्पिटलातच वारला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसेस नेहमीसारख्या सित्र्याच्या गेटाशी आल्या, दारं उघडली, आणि कुणी उतरलं नाही. घोषणा नाही, फलक नाही. इथे ते चालणारही नव्हतं. माणसं नुसती आपापल्या सीटवर बसून राहिली. पंखा येईपर्यंत टाकीत जाणार नाही, एवढं एकाने ड्रायव्हरला सांगितलं आणि ड्रायव्हरने गेटवर. खिजर फोरमन, तो उतरला. शेडमध्ये एकटाच चहा पीत बसला. त्याचे सात बसमध्येच राहिले. त्याने त्यांना ना उतरा म्हटलं, ना बसा म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

त्या दुपारी यार्डच्या मॅनेजरने त्याला बोलावलं. सदानंद परुळेकर, वेंगुर्ल्याचा. दोघं मराठीत बोलायचे, आणि बाकीच्या केबिनींना ते कळायचं नाही, याचं दोघांनाही सुख होतं. त्या दिवशी परुळेकरांनी स्वतः उठून दार लावलं, कडक दुधाचा करक चहा मागवला, गावाकडच्या पावसाची चौकशी केली. मग म्हणाले की बार्ज परवा सुटली नाही तर वरचे लोक यादी काढणार आहेत, आणि यादी फोरमनपासून सुरू होते.

"माझं नाव दुसरं असेल, खिजरभाई," ते म्हणाले. "पहिलं तुमचं."

खिजरने विचारलं, पंखा? परुळेकरांनी हवेत हात फिरवला, म्हणजे येतोय. खिजर इंशाल्ला म्हणाला, जे इथे सगळेच म्हणतात आणि ज्यातून कुणाचीच मान अडकत नाही. पण परुळेकर त्याच्या घरी जेवून गेलेले होते.

"इंशाल्ला नको. तुम्ही चीनवाले ना? अख्खं बंदर बसलं होतं तेव्हा एका कोकण्याने बोट चालवली. मला तुमचे सात द्या. सात उतरले की बाकीचे आपोआप उतरतील. आणि दोर तुम्ही स्वतः धरा, मग तर झालं?"

खिजर नंतर स्वतःशी म्हणाला की त्याला मुलीची, लायबाची शाळा दिसली, अर्ध्या वर्षात तुटलेली; मसूदाचा व्हिसा दिसला, आपल्याच व्हिसाला लटकलेला. ते सगळं दिसलं हे खरं. पण त्याआधी काहीतरी छातीत फुगलं, हेही खरं. शंभर वर्षं घरात सांभाळलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं.

"चालेल, साहेब," तो म्हणाला. "माझा शब्द."

बाहेर येऊन त्याने अझहरला फोन लावला आणि उद्या उतरायचं एवढंच सांगितलं. पलीकडे कामगारांच्या कॅम्पमधल्या कुकरची शिट्टी झाली. अझहर म्हणाला, "बरं, चाचा." का, कसं, पंखा आला का, काही नाही. खिजरला वाटलं होतं पोरगा वाद घालेल. वाद घातला असता तर बरं झालं असतं. ते 'बरं' घेऊन तो नईमपर्यंत आला आणि ते चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

संध्याकाळची मगरिबची नमाज पढून तो टेकला, तर लायबा समोर. अकरावीत होती, मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र इंग्रजीच्या कुबडीवर द्यायची. इतिहासाचा प्रोजेक्ट होता, चीनमध्ये कम्युनिस्ट कसे उभे राहिले आणि परक्यांच्या सत्तेला कसे भिडले. वर्गात सांगायला घरचीच गोष्ट आहे म्हणून ती खुशीत होती. तारखा जुळवायला बसली आणि तिची खुशी अर्ध्यावर थांबली होती.

"अब्बा, परदादा तिथे नाइन्टीन ट्वेंटी-फाइव्हला होते ना? ते चिनी लोक अफू खाऊन नाही उतरले. तो स्ट्राइक होता."

खिजर म्हणाला, असेल. ती म्हणाली, असेल नाही, होताच, आणि खुर्ची ओढून सांगायला लागली. सांगण्याची लकब बापाचीच होती. मसूदा पीठ मळायची थांबून दारात आली. शांघायच्या एका जपानी गिरणीत कामगारांचा वाद झाला आणि एका कामगाराला गोळी घातली गेली. त्यासाठी पोरं रस्त्यावर आली, तर इंग्रजांच्या पोलिसांनी त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या. मग हाँगकाँग आणि कँटनच्या चिन्यांनी गोऱ्यांच्या बोटी, बंगले, स्वयंपाकघरं, सगळं सोडलं. कँटनमध्ये मोर्चा चालला होता, तेव्हा कालव्याच्या पलीकडून परदेशी सैनिकांनी बंदुका चालवल्या, पन्नासावर माणसं पडली. संप वर्षाच्या वर चालला. चार वर्षांपूर्वी मूठभर लोकांनी काढलेला कम्युनिस्ट पक्ष, त्यात आता हजारोंनी माणसं गेली. आणि पंचवीसेक वर्षांत राज्य त्यांचं झालं.

"आता त्यांच्या राज्यात कुणी असं काम सोडून बसलं तर चालतं का?" मसूदाने विचारलं.

"नाही, अम्मी. उचलून नेतात."

"म्हणजे खुर्ची तीच. बसणारा बदलला."

लायबा म्हणाली की तो प्रोजेक्टचा शेवटचा पॉइंट आहे, पण तिला विचारायचं होतं ते वेगळंच. ती बापाकडे न बघता बोलली. "मला एवढंच पाहिजे, अब्बा. परदादांना माहीत होतं का, एक माणूस मेला होता म्हणून? त्यांनी विचारलं का, व्हाय आर दे लीव्हिंग?"

खिजरच्या गोष्टीत इथे थाप होती. त्याने हात टेबलावर ठेवला आणि तो तसाच ठेवून दिला. नाही माहीत, म्हणाला.

लायबा आत गेल्यावर मसूदाने विचारलं, यार्डात काय कबूल करून आलात? त्याने कशावरून म्हटलं, तर म्हणाली, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट बसून ऐकलीत, सांगितली नाहीत, त्यावरून. मग त्याने सगळं सांगितलं. ती बराच वेळ हातावरचं सुकलेलं पीठ खरवडत राहिली. तिलाही शाळा दिसत होती, व्हिसा दिसत होता. तो हिशेब तिला कुणी समजावायला नको होता.

"मी तुम्हाला उतरा म्हणणार नाही आणि बसा म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण अझहरच्या आईला फोन करायची वेळ माझ्यावर आणू नका."

सकाळी बस नईमच्या कोपऱ्यावर आली तेव्हा उजाडत होतं. ती सलमाबादच्या कॅम्पवरून भरून यायची. खिजर नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला. त्याचे सात जण बसच्या मधोमध एका पट्ट्यात बसले होते, बाकी बांगलादेशी, नेपाळी, बिहारी. रोज या बसमध्ये कुणाचा तरी मोबाइल गात असतो. आज नुसतं इंजिन. सित्र्याच्या पुलावर दोन्हीकडे पाणी आलं आणि खिजरला वाटलं, आपण बोटीत आहोत, आणि मधल्या माणसांपैकी कुणालाही आपण विचारून चढवलेलं नाही, सगळे आपण सांगितलं म्हणून चढलेत.

गेट आलं. दार फिसकारून उघडलं आणि दमट हवा आत शिरली. खाली परुळेकर उभे होते, इस्त्रीचा शर्ट काखेत भिजलेला. त्यांनी हसून मान हलवली. चला, खिजरभाई.

खिजरने दांडी धरली. मागे कपड्यांची सळसळ झाली. बघायची गरज नव्हती. सातही जण उठले होते. त्याने दांडी धरली म्हणून उठले होते. परदादाने मागे वळून बघितलं नव्हतं, ही घरातली मोठी मिरास. खिजरने वळून बघितलं. अझहर उभा होता, दोन्ही तळहात पँटला पुसत. तळव्यांवर दोराच्या चट्ट्यांची खपली अजून ओली होती. तो खिजरकडे बघत होता आणि नजरेत राग नव्हता. राग असता तर खिजर उतरला असता.

तो परत सीटवर बसला. मागे सात जण गोंधळून अर्धे उभे राहिले.

"साहेब, पंखा आला का?" त्याने दारातून विचारलं.

"येतोय. सांगितलं ना, दुबईहून."

"मग माणसंही येतील. पंख्याच्या मागून."

परुळेकर पायरीवर चढले. आवाज उतरवून मराठीत म्हणाले, "शब्द दिला होतात तुम्ही."

"दिला होता. पण तो माझा नव्हताच, साहेब. या सातांचा होता. मी त्यांना न विचारता तुम्हाला देऊन टाकला."

परुळेकरांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं बुडणारा माणूस शेजारच्या बुडणाऱ्याकडे बघतो. पहिलं नाव, दुसरं नाव. ते खाली उतरले, आणि थोड्या वेळाने ड्रायव्हरला गाडीचा एसी बंद करायचा निरोप आला.

तेव्हा खिजर मागे गेला आणि अझहरच्या शेजारी टेकला. म्हणाला, माझं काय व्हायचं ते होईल, तुम्ही तुमचं ठरवा, उतरायचं असेल तर मी अडवणार नाही.

"आम्ही ठरवलं होतं, चाचा," अझहर म्हणाला. "शफीकुल गेला त्याच दिवशी. टाकीत जायचं नाही."

"मग काल बरं का म्हणालास?"

"तुम्ही म्हणालात ना, उतरायचं. तुम्हाला नाही कसं म्हणणार?"

खिजरला हसू आलं आणि त्या हसण्याची त्यालाच भीती वाटली. एवढं घट्ट विणलेलं जाळं, आणि विणणारे आपणच.

बस तापत गेली. काचा अर्ध्याच उघडायच्या. बाटल्या एकमेकांकडे फिरू लागल्या. उतरलं तर टाकी, परत जावं तर कॅम्प, आणि कॅम्पचं दारही कंपनीचंच. कुणीतरी मागून म्हणालं, खलास, आता नेतील सगळ्यांना विमानतळावर. दुसरा म्हणाला, नेऊ दे, तिथे एसी तरी आहे. थोडे हसले.

तेवढ्यात दुसरी बस आली. लहान, पांढरी, वेगळ्या ठेकेदाराची. ती थेट गेटाला लागली आणि तिच्यातून एक आडव्या अंगाचा माणूस उतरला, खांद्यावर दोराचं वेटोळं. मागे सहा जण, नव्या कोऱ्या निळ्या कपड्यांत, पाठीवरच्या घड्या अजून न मोडलेल्या. परुळेकर त्याला बार्ज दाखवत होते. तो माणूस मान डोलावत होता. त्याने मागे वळून बघितलं नाही.

खिजर सीटवरून उठला तो जणू कुणी गचांडी धरून उठवला. सात जण उठले. त्याने त्यांना हाताने खाली बसवलं आणि एकटा उतरला. मनात एवढीच धास्ती होती, की कँटनच्या शिडीपाशीही कुणीतरी चिनी कमरुद्दीनला आडवा आला असेल, काहीतरी सांगत असेल, आणि परदादाला ती भाषा आली नसेल.

भाषेची इथे अडचण नव्हती. माणूस तेलुगू मुलखातल्या करीमनगरचा मेस्त्री, म्हणजे मजुरांचा मुकादम होता. खिजरने त्याला हिंदीत सांगितलं की अंदर हवा नहीं है, पंखा नहीं है, एक आदमी मर गया.

मेस्त्रीने दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मेरेकू मालूम है, भाई," तो हळू म्हणाला. "रात कू पता चला. पन इन लोगां कू गाँव से मैंच लाया. नहीं बोला तो ये कहाँ जाते?"

 ते वाक्य खिजरचंच होतं, दुसऱ्याच्या तोंडून आलेलं. तो एवढंच म्हणाला, उनको पूछा?

मेस्त्री त्याच्याकडे बघत राहिला, जसं काही एखाद्याने विचारावं, तू तुझ्या हातपायांना विचारलंस का. मग तो वळला. निळ्या कपड्यांतल्या सहांपैकी एकाने लगेच नजर खाली घातली. मेस्त्रीने तेलुगूत काहीतरी विचारलं.  त्याने पुन्हा विचारलं. एक जण नाही अशी मान हलवत दोन शब्द बोलला, अगदी हळू, आणि मेस्त्री तिथेच, दोन बसेसच्या मधल्या सावलीच्या पट्टीत, मटकन खाली बसला. दोर मांडीवर. पुढे आला नाही, मागे गेला नाही. परुळेकर फोनवर होते आणि पलीकडचं कुणीतरी इतकं मोठ्याने बोलत होतं की त्यांनी फोन कानापासून लांब धरला होता.

ऑफिसातला एक क्लार्क गेटातून आला. खिजर तांडेलला आत बोलावलंय, म्हणाला, सीपीआर कार्ड सोबत घ्या. ओळखपत्र मागितलं म्हणजे नोकरी गेली आणि व्हिसाही, हे बसमधल्या शेवटच्या सीटलाही कळलं.

खिजरने खिशातून कार्ड काढलं, परत ठेवलं. क्लार्कला म्हणाला, दोन मिनिटं. बसमध्ये चढला. आत भट्टी होती, माणसांच्या कपाळांवरून घाम टपकत होता. तो मधल्या वाटेत उभा राहिला. आयुष्यभर तो साहेबांपुढे माणसांच्या वतीने बोलत आला होता आणि त्याला ते झोपेतही जमत होतं. माणसांपुढे उभं राहायची मात्र ही पहिली खेप, आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना.

"आत बोलावलंय," तो म्हणाला, आधी मराठीत, मग हिंदीत. "तुमच्यातर्फे काय सांगू?"

 सात जण एकमेकांकडे बघत राहिले; त्यांना हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या खिशात ठेवलंय ते सापडत नव्हतं. खाली क्लार्कने काचेवर बोटं वाजवली. खिजर हलला नाही.

"पंखा," अखेर मागून एक बांगलादेशी म्हणाला. "पहले पंखा."

"और टेस्ट करने वाला आदमी," दुसरा म्हणाला. "कागज वाला नहीं, असली."

नेपाळ्यांपैकी एकाने विचारलं, शफीकुलच्या घरी कुणी कळवलं का, आणि मग तीन-चार जण एकदम बोलायला लागले, आपापल्या भाषेत, एकमेकांना तोडत. खिजर ऐकत होता, ओठांनी प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणत, म्हणजे आत जाईपर्यंत एकही गळू नये. आणि अझहर, ज्याने कालपर्यंत त्याला बरं चाचा याच्यापलीकडे काही म्हटलेलं नव्हतं, तो उठून उभा राहिला.

"थांबा, चाचा," तो म्हणाला. "माझं अजून सांगायचं राहिलंय."